मामांच्या कॉम्प्युटरचं लिंकिंग

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामांच्या दुकानात बसलो होतो. मामांचं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, खतं, औषधं, बियाणं, सगळी द्राक्षवाल्यांची गिऱ्हाइकी. काउंटरवर कॉम्प्युटर, सीपीयूवर आदल्या रात्रीचं हळदकुंकू आणि सुकलेलं झेंडूचं फूल तसंच. मामांनी बिल करायला घेतलं आणि समोरचा शेतकरी उभाच. उभाच म्हणजे किती, तर त्याने पुडी काढली, तंबाखू मळली, चुना लावला, तोंडात टाकली, एकदा बाहेर जाऊन थुंकूनही आला तरी बिलाचं सॉफ्टवेअर अजून उघडतंयच.

मामा म्हणाले, "ह्याला काय झालंय बघ की जरा. पूजा केल्यापासनं आणखीच मंद झालाय."

बसलो खुर्चीवर. खाली घड्याळाशेजारी बघतो तर आयकॉनची जत्रा. एक लाल ढाल, एक हिरवी ढाल, एक रॉकेट, आणि एक कसलंतरी गिअरचं चाक गोल गोल फिरतंय. मी माउस नेतोय तोवर उजव्या कोपऱ्यातून एक खिडकी सरकत आली, म्हणे तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३८६ प्रॉब्लेम सापडलेत, आत्ता दुरुस्त करा. दुरुस्त करायला गेलं की पैसे मागतं. ब्राउझर उघडला तर तो मामांचा नेहमीचा ब्राउझरच नाही, दुसराच, आणि त्याच्या पहिल्या पानावर कधी नाव न ऐकलेलं सर्च इंजिन. आणि हे सगळं ४ जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असल्या गरीब मशीनवर, त्या बिचाऱ्याने श्वास तरी कुठे घ्यायचा.

असल्या वेळी माझी एक साधी युक्ती आहे, कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रामांची यादी उघडायची आणि तारखेच्या कॉलमवर क्लिक करायचं. सगळी यादी तारखेप्रमाणे लागते आणि मग चोर बरोबर रांगेत उभे राहतात. गणपतीनंतरच्या एका तारखेला पाच एंट्र्या होत्या. एक पीडीएफ वाचायचा प्रोग्राम, म्हणजे त्याचं नवं व्हर्जन. एक अँटीव्हायरस, महिन्याभराचा ट्रायलवाला. एक ड्रायव्हर अपडेट करणारा, तेच ते ३८६ प्रॉब्लेमवालं रॉकेट. एक ब्राउझर. आणि एक खरेदीत कूपन शोधून देणारं काहीतरी. मामा तंबाखूच्या पुडीलासुद्धा कूपन मागणार नाहीत, यूरियाला काय मागणार!

आता खरी गंमत, गंमत कसली डोक्याला शॉट, ती अशी की हे सगळं माझ्यामुळेच झालेलं. गणपतीत आलो होतो तेव्हा मीच शहाणपणा शिकवून गेलो होतो की मामा, अपडेट आलं की करत जा, टाळू नका, आजकाल व्हायरसबियरसचं काही खरं नाही. मामा आज्ञाधारक. पीडीएफवाल्याने अपडेट आलंय म्हणून सांगितलं, मामांनी भाच्याचं ऐकलं, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. संपलं.

(त्या पीडीएफवाल्याचं नाव घेत नाही. फुकट मिळणाऱ्यांपैकीच एक, तुम्ही पाच नावं घेतलीत तर त्यात येईल.)

रात्री माझ्या लॅपटॉपवर, वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, तोच अपडेट मुद्दाम चालवून बघितला, म्हटलं बघू तरी मामांना नक्की कुठे गंडवलं. पहिल्या स्क्रीनवर सगळं ठीक, व्हर्जन नंबर, लायसन्स वगैरे. दुसऱ्या स्क्रीनला डावीकडे दोन गोल बटणं, एक "शिफारस केलेलं", त्याच्यापुढे कंसात सोपं असं लिहिलेलं, आणि दुसरं "कस्टम", त्याच्यापुढे "फक्त जाणकारांसाठी". पहिलं आधीच निवडलेलं. आता सांगा, खताच्या दुकानातला बासष्ट वर्षांचा माणूस स्वतःला जाणकार म्हणवून घेईल का? आणि ते कस्टम निवडलं की मगच खाली चार चौकोन उगवतात, चारही टिक केलेले, अक्षर इतकं बारीक आणि इतकं फिकट राखाडी की मला चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावावं लागलं. चौथ्या चौकोनाची भाषा तर अशी की टिक काढली की नको असं होतं का हवं असं होतं हे दोनदा वाचून कळलं. खाली मोठ्ठं निळं बटण "मान्य आणि पुढे", आणि शेजारी "नाकारा", जे राखाडी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हे बटण बंदच आहे. बंद नसतं हो ते. चालतं. फक्त मेलेल्यासारखं रंगवलंय.

आणि विंडोज जी परवानगी विचारतं ना, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का, हो का नाही, ती एकदाच विचारतं. हो म्हटलं की त्या इन्स्टॉलरला सगळ्या घराची किल्ली. नवरदेवाला दार उघडलं की मागचं सगळं वऱ्हाड आत, त्यांना वेगळं कोण विचारतंय. त्यात वऱ्हाडातला तो ट्रायलवाला अँटीव्हायरस आत आला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, कारण दोन पहारेकरी एकत्र नकोत. म्हणजे फुकटचा चालू पहारेकरी घरी गेला आणि महिनाभराच्या करारावरचा आला, आणि करार संपल्यावर तो गेटवर उभा राहून आता ओरडतोय, तुमचं घर धोक्यात आहे, पैसे भरा.

सकाळी मामांना हे सगळं समजावून सांगितलं. अगदी चौकोन, टिक, बटणं सगळं कागदावर काढून. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग हे लिंकिंगच की रे!"

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. सीझनला यूरिया, डीएपी या अनुदानावरच्या खतांना मरणाची मागणी असते. तेव्हा शेतकऱ्याला सांगितलं जातं की बाबा यूरियाची पाच पोती देतो पण त्याबरोबर ही बाटली घे, नाहीतर हे विद्राव्य खताचं पाकीट घे. नको असलं तरी घे. त्याला म्हणतात लिंकिंग. बंदी आहे, कृषी खातं दर खरिपाला तंबी देतं, पेपरात बातम्या येतात, आणि पुढच्या खरिपाला परत तेच. शेतकरी शिव्या दुकानदाराला घालतो, पण दुकानदाराचं म्हणणं असतं की कंपनीच मला तसा माल टाकते, डीएपीच्या गाडीबरोबर बाटल्यांचे बॉक्स आलेलेच असतात, मी ते कुठे घालू. मामा या दोन्हीच्या मधे बसलेले, त्यामुळे त्यांना माझ्या चार चौकोनांचा अर्थ माझ्यापेक्षा लवकर कळला.

मी एवढी वर्षं याला बंडलवेअर म्हणत आलो. लिंकिंग हा शब्द शंभर पटीने बरोबर आहे. कारण बंडल म्हटलं की वाटतं एकत्र बांधून दिलंय, ऑफर आहे, घ्या नाहीतर नका घेऊ. लिंकिंगमध्ये आधी तुमची गरज पकडलेली असते. यूरिया वेळेवर टाकला नाही तर पीक जातं, आणि अपडेट वेळेवर केलं नाही तर मशीन जातं. जिथे तुम्ही नाही म्हणू शकत नाही, बरोबर तिथेच पाकीट चिकटवायचं.

आणि हे काही फुटकळ, चोरबाजारातल्या कंपन्या करतात असं नाही. भले भले यात आहेत.

२००८ चा मार्च. ॲपलने विंडोजसाठी सफारी ३.१ काढला. ज्यांच्या विंडोजवर ॲपलचं गाण्यांचं आयट्यून्स किंवा व्हिडिओचं क्विकटाइम होतं त्यांच्याकडे ॲपलचा एक अपडेटर आलेला असायचा, तो एक दिवस उघडला आणि त्यात सफारी. नवा ब्राउझर, जो त्या माणसाने कधी घेतलाच नव्हता, तो अपडेट म्हणून यादीत, आधीच टिक केलेला. तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ जॉन लिली यांनी त्यावर जाहीर टीका केली. फायरफॉक्सवाल्यांना स्पर्धेची पोटदुखी, असं काही जण म्हणाले, असेलही. पण लिली यांचा मुद्दा पोटदुखीचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं की आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले लोकांना वर्षानुवर्षं शिकवतोय की अपडेट आलं की डोळे झाकून करा, ते तुमच्या सुरक्षेसाठी असतं, आणि त्या विश्वासाच्या दारातून तुम्ही नवीन माल आत ढकललात तर उद्या लोक खरं अपडेटसुद्धा करणार नाहीत. ॲपलने पुढच्या महिन्यात त्या खिडकीचे दोन भाग केले, वर अपडेट आणि खाली नवीन सॉफ्टवेअर. टिक मात्र तशीच ठेवली! आणि एवढं करून विंडोजवरचा सफारी २०१२ नंतर बंदच पडला.

जावाची, म्हणजे काही प्रोग्राम चालायला आधी बसवावं लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट तर आपल्याकडच्या टॅक्सवाल्यांना वेगळी सांगायला नको. इन्कम टॅक्सच्या जावावाल्या युटिलिटी, टीडीएसची रिटर्न बनवायची युटिलिटी, ई-टेंडरला डिजिटल सिग्नेचर, या सगळ्याला जावा लागायचंच, पर्याय नाही. आणि जावाच्या इन्स्टॉलरमध्ये, तीन अब्ज उपकरणं जावा वापरतात अशी फुशारकी चालू असताना, मधे एक आस्क टूलबारचा, म्हणजे ब्राउझरला चिकटणाऱ्या सर्चच्या पट्टीचा, स्क्रीन यायचा, आधीच टिक केलेला. बरं हे एकदाच नाही, जावाच्या सुरक्षेच्या अपडेटांमध्येही तो स्क्रीन परत हजर, म्हणजे मागच्या वेळी टिक काढली होती हे विसरायचं, परत काढायची. २०१३ च्या जानेवारीत तंत्रज्ञान पत्रकार एड बॉट आणि संशोधक बेन एडलमन यांनी याची चिरफाड केली तेव्हा त्यातली सगळ्यात भारी गोष्ट बाहेर आली. तो टूलबार जावाबरोबर लगेच बसायचा नाही. दहा मिनिटं गप्प थांबायचा आणि मग बसायचा. का? तर एखाद्याला लगेच लक्षात आलं की अरे आपण टिक काढायला विसरलो, आणि तो यादीत जाऊन काढायला लागला, तर यादीत काही नसतंच! तो म्हणणार बरं झालं वाचलो, खिडकी बंद करणार, आणि हे महाराज मग मागच्या दाराने.

मला या दहा मिनिटांचं फार आश्चर्य वाटतं. म्हणजे विचार करा, कुठल्यातरी ऑफिसात एक मीटिंग झाली असेल, पांढऱ्या बोर्डावर कोणीतरी लिहिलं असेल की पाच मिनिटं पुरतील का, नाही नाही दहा ठेवा. चांगला शिकलेला, पगारदार इंजिनियर तो टायमर लिहित बसला असेल. पाकीटमारसुद्धा बसमधून उतरायला दहा मिनिटं थांबत नाही.

जावा मुळात सन कंपनीचं, आणि सनने २००५ मध्येच गूगल टूलबार द्यायचा करार केला होता, त्यामुळे सगळं पाप ओरॅकलच्या माथी मारता येत नाही, ओरॅकलने २०१० मध्ये सन घेतली तेव्हा ही सवय आंदण आलेलीच होती. आस्क गेला २०१५ मध्ये, आणि त्याच्या जागी आला याहू. म्हणजे जागा रिकामी नाही राहिली, भाडेकरू बदलला. आणि याच्यामागचं अर्थकारण तेवढंच साधं आहे, प्रत्येक इन्स्टॉलमागे समोरची कंपनी पैसे मोजते. फुकटच्या सॉफ्टवेअरला खर्च असतो हे मलाही मान्य आहे, सर्व्हर लागतो, माणसं लागतात. पण आयजीच्या जिवावर बायजी उदार तसं हे, फुकट ते देणार आणि हार्ड डिस्क माझ्या मामांची घासणार.

फ्लॅश प्लेअरबरोबर मॅकॅफी अँटीव्हायरसवाल्यांचा स्कॅनर यायचा ते तर सगळ्यांना आठवत असेल. आणि डाउनलोडच्या साइट. सीनेटच्या डाउनलोड डॉट कॉमने २०११ मध्ये दुसऱ्यांच्या प्रोग्रामवर स्वतःचं वेष्टण चढवून त्यात टूलबार घालायला सुरुवात केली, त्यात नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅपसारखं मुक्त सॉफ्टवेअरसुद्धा सोडलं नाही, त्याचा लेखक जाम भडकला होता. मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्या सोर्सफोर्ज या साइटने त्याच्यावर कडी केली. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रामवाले २०१३ मध्ये याच कटकटीला कंटाळून तिथून निघून गेले, तर २०१५ मध्ये सोर्सफोर्जने त्यांचं रिकामं पडलेलं खातं ताब्यात घेतलं आणि त्यातून जाहिरातीवाला इन्स्टॉलर वाटायला घेतला. पुढच्या वर्षी मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. पण तोवर सोर्सफोर्जचं नाव गेलं ते गेलंच.

मात्र या सगळ्यांचा बाप म्हणजे गेट विंडोज टेन. केबी३०३५५८३. अपडेटचा हा नंबर मला माझ्या पॅन नंबरपेक्षा चांगला पाठ आहे. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना हे एक साधं अपडेट म्हणून आलं आणि घड्याळाशेजारी एक पांढरी खिडकी येऊन बसली, विंडोज १० फुकट घ्या, घ्या, घ्या. इथवर जाहिरात म्हणून सोडून देऊ. पण मग ज्यांनी हो म्हटलंच नाही त्यांच्याही मशीनवर विंडोज १० च्या काही जीबीच्या फायली गुपचूप उतरायला लागल्या. हे २०१५ सालचं, जिओ यायच्या आधीचं सांगतोय. तेव्हा आपल्याकडे लोक डाँगलवर महिन्याला १ जीबी, २ जीबी जपून जपून वापरायचे, यूट्यूब बघताना हात कापायचा, आणि इथे ६ जीबीपर्यंतचं ओझं न मागता दारात. २०१६ च्या फेब्रुवारीत ते "शिफारस केलेलं" अपडेट झालं, आणि मे महिन्यात तर कमालच, ती खिडकी वरच्या लाल फुलीने बंद केली तर त्याचा अर्थ घेतला जायचा की तुम्हाला ठरलेल्या वेळी अपग्रेड मान्य आहे! फुली म्हणजे नको. विंडोजनेच वीस वर्षं शिकवलेलं. शाळेतल्या पोराला माहीत आहे फुली म्हणजे चूक. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचं कामाचं मशीन असल्या न मागितलेल्या अपग्रेडने बसलं, त्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर घेऊन आल्या. डिसेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्केटिंग प्रमुखांनी स्वतःच कबूल केलं की त्या फुलीच्या बाबतीत आम्ही फारच पुढे गेलो.

कबूल केलं हे चांगलंच. पण तोवर कितीतरी घरातल्या "कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या" भाच्यांनी आणि जावयांनी काय केलं होतं माहितीये? अपडेटच बंद. मीसुद्धा तेच केलं, दोन-तीन नातेवाइकांकडे सेटिंगमध्ये जाऊन अपडेट नेव्हर करून आलो आणि वर हात झटकले, आता कटकट नाही. मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी घेतलं ते वाचले. इंग्लंडातल्या हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, जगभर मशीनं लॉक झाली, त्यात बहुतेक विंडोज ७ वाली होती. आता या सगळ्यांनी विंडोज १० च्या वैतागाने अपडेट बंद केलं होतं असं मी म्हणत नाही, मोठ्या ऑफिसांची कारणं वेगळी असतात. पण मी बंद केली होती ती माझ्या नात्यातली मशीनं मला त्या शनिवारी आठवली, आणि दिवसभर फोन करत बसलो होतो, आत्या, कॉम्प्युटर चालू करू नका, मी येतोय. लिली यांनी २००८ मध्ये जे सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं, नऊ वर्षांनी, स्कूटरवर.

म्हणून मामांच्या काउंटरवर मला त्या ३८६ प्रॉब्लेमपेक्षा जास्त भीती वाटली ती मामांच्या पुढच्या वाक्याची. साफसफाई चालू असताना ते सहज म्हणाले, "आता मी ठरवलंय. काय बी विचारू दे, फुली मारायची. अपडेटला हातच लावायचा न्हाई." आणि कॉम्प्युटरवर तेव्हा खऱ्या विंडोजची दोन सुरक्षा अपडेटं रांगेत पडून होती, मामांनी ती गेला महिनाभर पुढे ढकललेली. आता यात मामांना काय बोलणार? त्यांच्या बाजूने बघितलं तर दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात. दोन्ही म्हणतात महत्त्वाचं, दोन्ही म्हणतात आत्ताच करा, दोन्ही निळ्या.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे आहे बरं का. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असल्या फसवाफसवीचे १३ प्रकार नाव घेऊन दिलेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, गोंधळात टाकणारा प्रश्न विचारणं, एक बटण ठळक आणि एक मेलेलं ठेवणं, सतत भुणभुण लावणं. यादी वाचताना मला तो पीडीएफवाल्याचा स्क्रीन एकेक करून समोर येत होता, कमीत कमी चार तर जागेवर सापडले. कायदा चांगला आहे, पण तासगावहून तक्रार कोण करणार आणि कोणाविरुद्ध, त्या इन्स्टॉलरच्या तळाशी पत्ता पण आपल्या देशातला नाही.

कायद्याचा धाक काय करतो त्याचं एक उदाहरण देतो. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ज्यांच्या विंडोजवर ३६५ वालं ऑफिस आहे त्यांच्याकडे कोपायलट हे एआयचं ॲप आपोआप बसवलं जाईल, ऑक्टोबरपासून. फक्त युरोपियन इकॉनॉमिक एरिया वगळून. म्हणजे तंत्रज्ञानाची काही अडचण नाही, जर्मनीतल्या माणसाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही हे जमतंय, आपल्याला मात्र न विचारता वाढायचं. आणि सरकारांनाही हा मोह होतोच, डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच दूरसंचार खात्याचा आदेश बाहेर आला की नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच घालून द्या, आणि कारखान्यातून निघालेल्या फोनांना अपडेटमधून ढकला. ॲप कामाचं आहे, हरवलेला फोन ब्लॉक करायला मी स्वतः लोकांना सांगतो, पण बोंबाबोंब झाली आणि दोन-चार दिवसांत ती सक्ती मागे घेतली. मागे घेतली हे महत्त्वाचं.

लिनक्सवाले वाचत असतील तर त्यांनी हसू नये. उबंटू या लिनक्सवर ॲप्टने, म्हणजे प्रोग्राम बसवायच्या नेहमीच्या कमांडने, क्रोमियम ब्राउझर मागितला की ॲप्ट गुपचूप स्नॅप ही प्रोग्राम बसवायची दुसरीच व्यवस्था बसवून त्यातून क्रोमियम द्यायला लागला, त्यावरून २०२० मध्ये लिनक्स मिंटवाल्यांनी स्नॅपला दारच बंद केलं होतं. पैसे नव्हते त्यात, तरी सवय तीच.

असो. तर मामांच्या मशीनचं मी काय केलं. चारही पाहुण्यांना काढलं, त्यातल्या अँटीव्हायरसला काढताना त्याने तीनदा विचारलं, नक्की का, खरंच का, निदान कारण तरी सांगून जा. शेजारच्या पतपेढीतला माणूससुद्धा खातं बंद करताना इतकं लाडीगोडी लावत नाही. तो पीडीएफवालाच उडवून टाकला, कारण पीडीएफ ब्राउझरमध्येही उघडते, कंपनीचं रेटलिस्ट बघायला वेगळा प्रोग्राम लागतो कशाला. डिफेंडर परत चालू झाला, त्यात नको असलेली ॲप्स अडवायची एक सेटिंग असते ती चालू केली. बाकीचे दोन-तीन कामाचे प्रोग्राम विंगेटने अपडेट केले, ती काळ्या खिडकीतली एक ओळ असते, त्यातून बहुतेक वेळा पाहुणे येत नाहीत. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे मामांचं खातं साधं केलं, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. विंडोजची स्वतःची अपडेटं त्याशिवायही होतात, पण बाहेरचं कोणी आलं की बहुतेक वेळा पासवर्ड मागणार आणि मामा मला फोन करणार.

हे शेवटचं करताना बरं वाटलं नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं मशीन, आणि किल्ली भाच्याकडे पुण्यात. मामांनी काही म्हटलं नाही, उलट म्हणाले बरं झालं माझ्या डोक्याची कटकट गेली. मामींनी मात्र लगेच पकडलं, "म्हंजे आता तुझ्या परवानगीशिवाय दुकान चालायचं न्हाई होय?"

तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन फोटो येतात व्हॉट्सॲपवर. तिरका, थरथरलेला, स्क्रीनवर ट्यूबलाइटचा पट्टा, आणि खाली "हे दाबू का". मी खरं असेल तर अंगठा पाठवतो आणि खोटं असेल तर फुली. बॅटरी संपली असताना एकदा दोन तास उत्तर दिलं नाही तर मामा दोन तास त्या खिडकीसमोर बिल हाताने लिहीत बसले होते.

मागच्या आठवड्यात असाच फोटो आला. उघडला तर कॉम्प्युटरचा नव्हताच. दुकानाच्या दारात टेम्पो, हौदात डीएपीची पोती, आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेले बाटल्यांचे बॉक्स, दहा-बारा तरी असतील, मामांनी न मागवलेले. खाली मामांचा मेसेज होता.

"ह्याचं टिक कुठनं काढायचं असतंय?"